मोकाशीकाकांची कोठी

माझ्या लॅपटॉपच्या कोपऱ्यात अधूनमधून एक लाल ठिपका उगवतो. नवीन काहीतरी आलंय, घेऊन टाका, असं त्याचं म्हणणं असतं. माझी लेक सई म्हणते, "मम्मा, जस्ट क्लिक इट, इट टेक्स टू मिनिट्स." टू मिनिट्स तर टू मिनिट्स, मी काही लगेच हात लावत नाही. चार दिवस टाळते. त्या ठिपक्याकडे बघितलं की मला आमच्या शेजारचे मोकाशीकाका आठवतात, आणि मग दिवसभर कशात लक्ष लागत नाही.

अबू धाबीत अल रीम आयलंडवर आमचं घर एकोणिसाव्या मजल्यावर, १९०४. मोकाशी १९०६ मध्ये. काका शहराबाहेर मुसफ्फाच्या औद्योगिक भागातल्या एका बांधकाम कंपनीत कॉम्प्युटर विभाग सांभाळायचे. मूलबाळ नाही. घरात ते आणि नलूकाकू. वयाने ते माझ्याहून जेमतेम पंधरा-सोळा वर्षांनी मोठे, पण सईचे काका म्हणून माझेही काका झाले. ते मात्र मला 'वहिनी'च म्हणायचे. जगातल्या सगळ्या विवाहित बायका त्यांच्या वहिनी होत्या.

पहिली ओळख लिफ्टमध्ये झाली. माझा नवरा नितीन फोनवर कुणाला तरी सांगत होता, जुना लॅपटॉप फेकून देतोय, नवीन दोन हजार दिरहॅमला मिळतोय, म्हणजे चाळीस हजार रुपये धर. मागून आवाज आला, "फेकताय? का? काय झालंय त्याला?" आईबापांना वृद्धाश्रमात टाकताय का, असं विचारावं तसा सूर. मला रागच आला. ओळख ना पाळख!

संध्याकाळी हे गृहस्थ दारात हजर. हातात खिळा-स्क्रूड्रायव्हर काही नाही, फक्त खिशात एक छोटी वही. बसले आणि डॉक्टरसारखे विचारायला लागले. "वहिनी, दिवसभरात याच्यावर काय काय करता?" मी घरी गणिताच्या शिकवण्या घेते, ते सांगितलं. "छापता किती? मराठी टाइप करता का? चष्म्याचा नंबर काय?" चष्म्याचा नंबर! मी नितीनकडे बघितलं. काकांनी सगळं वहीत लिहून घेतलं आणि जाहीर केलं, "तुम्हाला वरणभात."

मग समजलं, की कॉम्प्युटर चालवणारी लिनक्स नावाची एक फुकट मिळणारी सिस्टीम असते आणि तिचे शेकडो प्रकार असतात. कुठला चांगला यावरून जगभरातले लोक भांडत बसतात. काकांनी त्या सगळ्यांना आपली नावं ठेवली होती. अगदी म्हाताऱ्या, दमेकरी मशिनला द्यायची ती उपासाची खिचडी. दोन-तीन वर्षं जशीच्या तशी राहणारी, जिच्यात काही हलत नाही, तो वरणभात. आणि जिच्यात रोज काहीतरी नवीन येतं, आज चालतं ते उद्या बिघडतं, ती मिसळ. "आधी माणूस बघायचा, मग सिस्टीम ठरवायची. लोक उलटं करतात," असं ते म्हणायचे. त्यांनी आमच्या लॅपटॉपवर वरणभात घातला. सात वर्षं झाली. त्याच लॅपटॉपवर हे लिहितेय.

आख्ख्या बिल्डिंगला वरणभात वाढणारा हा माणूस स्वतः मात्र मिसळ खायचा. नलूकाकू सांगायच्या, "दात घासायच्या आधी अपडेट! सकाळी उठून मला कधी विचारलं नाही कशी आहेस म्हणून. त्या डबड्याला मात्र रोज विचारतात, काय गं, नवीन काय?" काका हसायचे. म्हणायचे, "अगं, आलेलं नवीन तसंच ठेवलं की मला खाज सुटते." खरंच सुटायची. आमच्याकडे चहाला आले तरी नजर जायची कोपऱ्यातल्या ठिपक्यावर. मी मुद्दाम लॅपटॉप मिटून ठेवायची.

काकूंबद्दल सांगायला हवं. इथल्या मराठी मंडळाच्या भाषावर्गात त्या दर रविवारी इथं वाढलेल्या पोरांना शिकवायच्या. सईसारखी इंग्लिशमध्ये उत्तरं देणारी कार्टी त्यांच्यासमोर मात्र 'माझं पुस्तक हरवलं' असं नीट म्हणायची. जीभ तिखट, हात सढळ. किचनमधला एकेक डबा ठरलेल्या जागी. तो कुणी बोटभर सरकवला तरी त्यांना कळायचं.

किचनला लागून जी मोलकरणीची खोली असते, तिथे काकांची कोठी होती. म्हणजे फळीवर एक काळा डबा, त्यात डिस्का, आणि वर चोवीस तास एसी. ऑगस्टमध्ये आम्ही वीजबिलाच्या भीतीने एसी वाढवायचो-कमी करायचो, पण कोठीतला कधी बंद झाला नाही. "आपल्या वस्तू आपल्या कोठीत," हा त्यांचा हेका. परक्या कंपनीच्या मशिनवर आपले फोटो ठेवायचे म्हणजे आपलं धान्य शेजाऱ्याच्या घरात, त्याने उद्या कुलूप बदललं तर काय, म्हणायचे. मजल्यावरच्या आम्हा पाच घरांचे फोटो, कागदपत्रं, पोरांचे व्हिडिओ, सगळं त्या कोठीत असायचं. आमचं धान्य त्यांच्याकडे कसं चालतं, असं मी एकदा विचारलंही. "मी कुठे परका आहे?" म्हणाले.

दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी एकेका घराला बोलावणं यायचं. एकदा आमची पाळी होती. मी खुर्चीवर, काकू चकल्या देतायत, आणि काकांनी माझ्यासमोर सईचं पहिलं वर्ष निवडलं. जन्म, बारसं, पहिलं पाऊल, सगळं. आणि टाकलं पुसून! मी अशी किंचाळले, की काकूंच्या हातातली बशी हलली. "काका, डोकं फिरलंय का तुमचं?" काका शांत. कोठीत गेले, दोन-चार बटणं दाबली, आणि सई परत रांगायला लागली. "बॅकअप आहे असं सगळेच म्हणतात, वहिनी. परत आणून दाखवला तरच तो बॅकअप." काकू म्हणाल्या, "मेलं, एक दिवस कुणाचा तरी जीव घ्याल असं दाखवून." मला नंतर आठवडाभर त्या रिकाम्या पडद्याची धास्ती होती.

कोठीत वाणसामानाची यादीही होती. काकू घरून लिहायच्या, काकांना दुकानात फोनवर दिसायची. एकदा काका माझ्याकडे आले, चेहरा त्रासलेला. "वहिनी, यादीत बग आलाय. हिंग एकदा लिहिला की नऊ वेळा दिसतोय." झालं, बग म्हटल्यावर माणूस जेवण विसरला. दोन शनिवार-रविवार कोठीत बसून. वाटेल तो उपाय करून झाला, यादी दुसऱ्या सॉफ्टवेअरवर नेऊन झाली. तिथे जिरं सात वेळा! शेवटी ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्या परदेशातल्या लोकांना त्यांनी पत्र लिहिलं, सोबत सगळ्या नोंदी जोडल्या.

तिकडून नम्र उत्तर आलं. तुमच्या सिस्टीममध्ये काही चूक नाही. प्रत्येक नोंद वेगवेगळ्या वेळी हाताने टाइप केलेली आहे. सकाळी आठ दहा, आठ पंचवीस, नऊ पाच...

ते उत्तर काकांनी मला वाचून दाखवलं. वाचून झाल्यावर फोन खिशात ठेवला, परत काढला, परत वाचला. त्यांच्या स्वयंपाकघरात हिंगाच्या अकरा डब्या निघाल्या. एकीमागे एक, नीट, ठरलेल्या जागी. काका म्हणाले, "मी मशिनमध्ये शोधत होतो, वहिनी. एकदाही तिच्याकडे बघितलं नाही." मी त्या डब्या मोजत राहिले.

मग डॉक्टर झाले, स्कॅन झाले. आजाराचं नाव कळलं, औषध नाही हेही कळलं. डॉक्टरांनी एकच गोष्ट परत परत सांगितली: घरात काही बदलू नका. जागा, वस्तू, वेळा, सगळं तसंच ठेवा, तोच त्यांचा आधार. मदतीला बाई ठेवून बघितली, तर काकूंनी 'हिने माझे डबे हलवले' म्हणून तिसऱ्या दिवशी तिला दाराबाहेर काढलं. काकांना नोकरी सोडणं शक्य नव्हतं. इथे नोकरी म्हणजे व्हिसा, आणि व्हिसा म्हणजे हे घर. काकूंचं दिवसा एकटीने निभणं, यावर सगळं अवलंबून होतं.

काकांनी फ्रिजशेजारच्या भिंतीवर एक टॅब बसवला. त्यावर मोठाले चार फोटो. त्यांचा स्वतःचा, मिरजेच्या शैलामावशीचा म्हणजे काकूंच्या बहिणीचा, माझा, आणि जेवणाच्या डब्याचा. फोटोवर बोट ठेवलं की आवाज यायचा. माझ्या फोटोवर माझा: "काकू, मी शेजारची मंजिरी. काही लागलं तर बेल वाजवा." काकांच्या फोटोवर काकांचा: "नलू, मी ऑफिसला गेलोय. सहाला येतो. गॅस लावू नकोस, डबा टेबलावर आहे."

काय चाललं ते! दिवसातून तीस-चाळीस वेळा काकू बोट ठेवायच्या. आमच्या किचनपर्यंत ऐकू यायचं, "नलू, मी ऑफिसला गेलोय. सहाला येतो." माझ्याकडे शिकवणीला येणारी मुलं त्याची नक्कल करायची, मी त्यांना झापायची. पण खरं सांगते, तो आवाज आला की मला बरं वाटायचं. सहाला काका बेल वाजवायचे, काकू दार उघडून म्हणायच्या, "आलात?" आठ-नऊ महिने गेले असे.

आणि त्या टॅबवर काकांनी, आपल्या सवयीने, मिसळ घातली होती.

एका शुक्रवारी ऑफिस अर्ध्या दिवसाचं, काका लवकर घरी आले. टॅबच्या कोपऱ्यात ठिपका होता. हात गेला. नवीन रूप छान होतं म्हणे. फोटो अजून मोठे, गोल, खाली तारीख, वर हवामान. शनिवार-रविवार ते घरीच होते, त्यामुळे काकूंना टॅबची गरजच पडली नाही. सोमवारी अकराच्या सुमाराला खालून इंटरकॉम वाजला. सिक्युरिटीवाला म्हणाला, "मॅडम, आंटी लिफ्ट में हैं. एक घंटे से ऊपर-नीचे. उतर ही नहीं रहीं."

मी धावले. काकू गाऊनवर, पायात दोन वेगळ्या चपला, लिफ्टच्या कोपऱ्यात उभ्या. दार उघडलं की बाहेर डोकावून बघत होत्या आणि पुन्हा मागे सरत होत्या. "अजून माझं घर नाही आलं," मला म्हणाल्या. हात धरून घरी आणलं तर उंबऱ्यातच थबकल्या. "हे नाही गं. आमच्या भिंतीवर ते होते. ते गेले भिंतीवरून."

काका मुसफ्फाहून पाऊण तासात आले. कोठीत शिरले, आणि वीस मिनिटांत जुनं रूप भिंतीवर परत. तेच चौकोनी फोटो, त्याच जागी. काकूंनी बोट ठेवलं. "नलू, मी ऑफिसला गेलोय. सहाला येतो." त्यांनी मान हलवली, स्टूल ओढलं आणि टॅबसमोर बसल्या. त्या दिवसापासून त्या तिथेच बसायला लागल्या. मी विचारलं, काकू, हॉलमध्ये बसू या का? "नको. परत जातील. लक्ष ठेवायला हवं."

संध्याकाळी काका आमच्या बाल्कनीत उभे होते, खालच्या खाडीकडे बघत. "सगळ्या बिल्डिंगला वरणभात दिला मी, वहिनी. घरच्या माणसालाच मिसळ वाढली. नवीन दिसलं आणि हात गेला हो, नुसता हात गेला." आणि रडायला लागले. नितीनने पाण्याचा ग्लास आणला, तो त्यांनी नुसता धरून ठेवला. दुसऱ्या दिवशी मी बघितलं, टॅबच्या त्या कोपऱ्यावर, ठिपका येतो तिथे, एक बँडएड लावली होती.

त्यानंतरचं सांगताना माझाच संताप होतो. काकांच्या कंपनीने सगळा कारभार क्लाउडवर न्यायचं ठरवलं, म्हणजे काकांच्याच भाषेत शेजाऱ्याच्या घरात. तो न्यायचं काम चार महिने काकांनीच केलं. एक फाइल हरवली नाही, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, केक कापला, आणि मग सांगितलं की आता तुमच्या विभागाची गरज उरली नाही. खलास. व्हिसा रद्द, वर देश सोडायला थोड्या महिन्यांची मुदत. काका एकोणसाठ वर्षांचे. नितीनने त्याच्या ऑफिसात विचारलं, मी शिकवणीच्या पालकांना विचारलं. जो तो म्हणायचा इन्शाल्ला, बघू, कळवतो. निवृत्तांचा व्हिसा असतो, त्याच्या अटीत ते बसत नव्हते. व्हिसाचे अर्ज भरून देणाऱ्या टायपिंग सेंटरांचे उंबरे झिजवून झाले. आम्ही काय केलं? दुधीची भाजी नेऊन दिली. दुसरं काही हातात नव्हतंच.

"आयुष्यभर मायग्रेशन केली," काका एकदा म्हणाले. "जुन्या मशिनवरून नव्यावर. काही न सांडता. आता नलूला मिरजेला न्यायचंय, सांगा, ते कसं करू? टॅब नेईन, डबे नेईन, फ्रिजसुद्धा नेईन. ही भिंत कुठून आणू?" मी म्हटलं, काका, होईल काहीतरी. असं काहीतरी आपण बोलतो. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मला माझीच लाज वाटली.

जायच्या आधी त्यांनी पाचही घरांना एकेक डिस्क दिली, ज्याचं त्याचं धान्य. देण्यापूर्वी प्रत्येकाला समोर बसवून एकेक फोटो उघडून दाखवला. या वेळी पुसून मात्र कुणाचं काही दाखवलं नाही.

आता काका दिवसभर घरी असायचे, आणि तिथेच नवा घोळ झाला. मी एकदा दुपारी गेले तर काका हॉलमध्ये सोफ्याच्या कडेला पाहुण्यासारखे बसलेले. काकूंनी मला किचनमध्ये ओढलं आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, "कोण गं हे गृहस्थ? सकाळपासून आलेत. चांगले आहेत, मदतही करतात. पण आमच्या ह्यांना यायला सहापर्यंत वेळ आहे ना." आणि खात्रीसाठी बोट ठेवलं. "नलू, मी ऑफिसला गेलोय. सहाला येतो." भिंत सांगत होती, ते ऑफिसला गेलेत. मग सोफ्यावर बसलेला माणूस ते कसा असेल?

मी काकांना बाहेर गाठलं. "अहो, बदला ना ते बोलणं! 'मी घरीच आहे' म्हणा. दोन मिनिटांचं काम."

"नाही." मी त्यांना इतकं कडक बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "एक अक्षर बदलायचं नाही, वहिनी. ती त्याच्यावर उभी आहे. मी बदलेन."

म्हणजे काय, ते मला कळलं नाही. कळलं ते त्यांच्या तिकिटाला आठ दिवस उरले असताना. मी बकालातून, म्हणजे इथल्या वाण्याकडून, दही घेऊन येत होते. खाली लॉबीच्या सोफ्यावर काका. इस्त्रीचा शर्ट, बूट, मांडीवर ऑफिसची बॅग. मला वाटलं, नोकरी लागली की काय! इतकी खूश झाले, की धावतच गेले. "काका! कुठून आलात?"

"कुठून नाही. सहा वाजायचेत अजून."

रोजचं होतं ते. पावणेसहाला सोफ्यावरून उठायचं, 'येतो वहिनी' म्हणून काकूंचा निरोप घ्यायचा, दाराबाहेर बूट घालायचे, जिन्यात ठेवलेली बॅग उचलायची आणि खाली येऊन बसायचं. सिक्युरिटीवाल्याला माहीत होतं, तो त्यांच्यासाठी पाणी आणून ठेवायचा.

लिफ्टमध्ये आम्ही दोघंच. एकोणिसावा मजला आला तेव्हा दोन मिनिटं कमी होती. काका आपल्या दारासमोर घड्याळाकडे बघत उभे राहिले. मी माझ्या दारात किल्ली हातात धरून, आत जावं की नको कळेना. बरोबर सहाला त्यांनी बेल वाजवली.

काकूंनी दार उघडलं. चेहरा कसा उजळला त्यांचा! "आलात? अहो, जरा लवकर यायचं ना. ते गृहस्थ आत्ताच गेले. भेट झाली असती तुमची."

"उद्या भेटू," काका म्हणाले, आणि बॅग काकूंच्या हातात देऊन बूट काढायला वाकले.